रुळांतील वीज व लहान इंजिनाची चाल

ज्यांच्या घरीं विजेवर चालणारी नमुन्याची आगगाडी आहे, किंवा ज्यांनीं ती एखाद्या प्रदर्शनांत पाहिली आहे, त्यांस पुढील प्रकार नवा नाहीं. इंजिन ऐटीनें स्टेशनांतून निघतें, वळण घेतें, आणि मालधक्क्याशीं येऊन चाल मंद होतांच एकाएकीं उभें राहतें. मालक त्यास बोटानें हळूच टोचतो. लगेच तें दचकल्यासारखें उडी घेऊन पुढें सरकतें, आणि चार बोटें गेल्यावर पुनः थबकतें. पाहणारे हसतात; मालक मोटर वाईट निघाली असें म्हणून दुकानदारास बोल लावतो. वास्तविक पाहतां अशा वेळीं मोटर बहुधा निर्दोष असते. तिला वीज पोंचत नाहीं, एवढाच तिचा अपराध. चांगलीं इंजिनें ह्या एका कारणानें अडगळींत पडतात, व मुलें ह्या सुंदर छंदास कंटाळून तो सोडून देतात. म्हणून वीज रुळांवरून मोटरीपर्यंत कशी जाते, वाटेंत ती कोठें अडते, आणि तिची वाट मोकळी कशी करावी, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं मुद्दाम एक खोडकर इंजिन घेऊं. इंग्लंडांतील लँकाशायर अँड यॉर्कशायर रेल्वेनें गोद्यांतील अरुंद वळणांवर वाघिणी ढकलण्यासाठीं 'पग' नांवाचीं बुटकीं, चार चाकांचीं वाफेचीं इंजिनें वापरलीं. १८९१ पासून तीं हॉरविचच्या कारखान्यांत तयार होत असत. त्यांच्या पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर अवघें ५ फूट ९ इंच. ब्रिटिश नमुनेकार ज्या प्रमाणांत काम करितात त्यांत एका फुटास ४ मिलिमीटर धरतात; त्या हिशेबानें नमुन्यांतील हें अंतर २३ मिलिमीटर भरतें, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून फारसें अधिक नाहीं. एवढ्याशा पायावर उभें राहून ह्या प्राण्यास रुळांतून वीज प्यावयाची असते.

खऱ्या विजेच्या गाडीचा मार्ग निराळा आहे. मुंबईस बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं सुरू झाली. तिला डोक्यावरील तारेंतून १५०० व्होल्टांची वीज मिळे व चाकांवाटे ती रुळांत परत जाई. येण्याची वाट वर, जाण्याची खालीं. नमुन्याच्या गाडींत मात्र येणें व जाणें दोन्ही रुळांतूनच होतें. डावा रूळ एक टोंक, उजवा रूळ दुसरें टोंक, आणि मध्यें १२ व्होल्टांचा सौम्य दाब. दोन रूळ आंसावाटे एकमेकांस जोडले जाऊं नयेत म्हणून निदान एका बाजूचें चाक आंसापासून विजेच्या दृष्टीनें अलग ठेवावें लागतें.

ही युक्ति खेळणीवाल्यांची आहे असें पुष्कळांस वाटतें. पण ती त्यांच्याहून जुनी आहे. वेर्नर सीमेन्स यांनीं १८७९ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जी विजेची गाडी चालविली तिला मध्यें एक तिसरा रूळ होता. परंतु १८८१ सालीं बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथें त्यांनीं जी ट्राम सुरू केली, तिला दोन रुळांतूनच १८० व्होल्टांची वीज दिली होती. रस्ता ओलांडणाऱ्या घोड्यांना तिचे धक्के बसूं लागले, तेव्हां ही पद्धति पुढें सोडून द्यावी लागली. ब्रायटन येथें माग्नस फोल्क यांनीं १८८३ सालीं समुद्रकांठीं सुरू केलेली छोटी गाडीही प्रारंभीं दोन रुळांतूनच वीज घेत असे. मोठ्या जगानें टाकून दिलेली ही पद्धति १२ व्होल्टांच्या खेळांत निर्धोक ठरली, व म्हणून तेथें टिकली. तींही एकदम आली नाहीं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३८ सालीं 'हॉर्नबी डब्लो' ही गाडी काढली, तिला मध्यें तिसरा रूळ होता. दोन रुळांची डब्लो १९५९ सालीं आली. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीनें मधला मार्ग सोडला नाहीं, फक्त रुळाच्या जागीं स्लीपरांवर बारीक खुंट्या बसविल्या. ह्यांत एक मर्म आहे. मधल्या मार्गावरून लांब पट्टी घांसत जाते, आणि बाजूचे दोन्ही रूळ एकाच टोंकाचे असल्यामुळें सर्व चाकें मिळून एकच काम करितात. दोन रुळांच्या पद्धतींत चाकांची फाळणी होते: निम्मीं एका टोंकाचीं, निम्मीं दुसऱ्या टोंकाचीं. देखावा खराखुरा होतो, पण वीज उचलणें कठीण होतें.

तें किती कठीण होतें हें समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. घरांतील चौरंग ओबडधोबड जमिनीवर ठेवून पाहा, तो डुलतो. तिवई ठेवा; ती डुलत नाहीं. कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. चौथा बिंदु त्याच पातळींत असेल असा नियम नाहीं. ताठ सांगाड्याचें चार चाकी इंजिन म्हणजे एक लहानसा चौरंगच होय. रूळ कितीही काळजीपूर्वक बसविले तरी ते केसभर उंचसखल असतातच. तेव्हां आपल्या पगचीं तीन चाकें रुळांस टेंकतात व चौथें केसभर अधांतरीं राहतें. एका रुळावर दोन चाकें टेंकलीं असतील, तर दुसऱ्यावर एकच. सर्व वीज त्या एका चाकाच्या भरंवशावर! तें चाक मळाच्या एका ठिपक्यावर आलें कीं मार्ग तुटला. इंजिन डुललें म्हणजे आतांपर्यंत अधांतरीं असलेलें चाक टेंकतें, पण दुसरें उचललें जातें.

ह्यावर मुळावर घाव घालणारा उपाय म्हणजे चौरंगाची तिवई करणें. मोटरीनें फिरणारा मागचा आंस सांगाड्यांत पक्का ठेवावा. पुढच्या आंसाच्या दोन्ही बाजूंच्या भोंकांस उभ्या खांचा पाडून त्यास वरखालीं हलण्यास मोकळीक द्यावी, आणि त्याच्या बरोबर मध्यावर सांगाड्याच्या लांबीच्या दिशेनें बसविलेली एक तार टेंकवावी. आतां तो आंस तराजूच्या दांडीप्रमाणें त्या तारेखालीं झुलतो. इंजिनाचें वजन तीन बिंदूंवर येतें, आणि चारही चाकें सदैव रुळास चिकटून राहतात. स्वतः सांगाडा बनविणाऱ्यानें हें अवश्य करावें. विकतच्या इंजिनांत ही शस्त्रक्रिया करण्याच्या भरीस नवशिक्यानें पडूं नये. त्याच्यासाठीं पुढें सोपे मार्ग आहेत.

चाक टेंकलें म्हणजे वीज मिळाली असेंही नाहीं. डोळ्यांस गुळगुळीत दिसणारे दोन धातु प्रत्यक्षांत कांहीं थोड्याच सूक्ष्म टेंकाडांवर एकमेकांस भिडतात. त्या टेंकाडांवर तेलाचा ओशटपणा, घरांतील धूळ, हाताचा घाम, धातूचा गंज व ठिणग्यांनीं होणारी काळी पुटें बसतात. रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. ह्या धातूंत रुपें मुळींच नाहीं, तांबें, जस्त व निकेल आहे. पण त्याचा मळ पोलादाच्या गंजाइतका अडवणूक करीत नाहीं, हा त्याचा गुण. आतां थोडें गणित करूं. इंजिन मंद चालावें म्हणून आपण त्यास ३ व्होल्ट देतों, व मोटर ०.१ अँपिअर ओढते असें समजा. स्पर्शाच्या जागीं १० ओहमांचा अडथळा असल्यास तेथेंच १ व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे एकतृतीयांश शक्ति गेली. तेंच इंजिन १२ व्होल्टांवर ०.२ अँपिअर ओढीत भरधांव जात असतां त्याच अडथळ्यांत २ व्होल्ट जातात. हा सहावाच हिस्सा झाला, आणि शिवाय वेगाच्या भरानें तें मळावरून पार निघून जातें. 'वेगांत चालतें, हळू चालत नाहीं' ह्या सार्वत्रिक तक्रारीचा उलगडा येथें होतो. म्हणून इंजिनाची परीक्षा नेहमीं मंद चालीवर करावी. भरधांव तर कोणीही धांवतो!

स्वच्छतेविषयीं फार लिहीत नाहीं. काचकागदानें रूळ घांसण्याची संवय मात्र सोडावी. त्यानें पडलेल्या ओरखड्यांत मळ अधिकच घट्ट बसतो. स्वच्छ सुती फडक्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावे, आणि काडीस कापूस गुंडाळून चाकांच्या कडा पुसाव्या. हें द्रव्य पेट घेतें, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळ दिवा नसावा, व सर्व सुकल्यावरच वीज सुरू करावी. कांहीं इंजिनांच्या चाकांस ओढ वाढविण्यासाठीं रबराचें कडें बसविलेलें असतें. तें चाक विजेच्या कामास मुळींच येत नाहीं, हें ध्यानांत असूं द्या. ओढ हवी असेल तर इंजिनाच्या पोटांत शिशाचा तुकडा बसविणें बरें. वजनानें ओढही वाढते व स्पर्शही सुधारतो. शिसें हाताळल्यावर हात मात्र धुवावे.

आतां खऱ्या मुद्द्याकडे वळूं. चाकांत आलेली वीज मोटरींत न्यावयाची ती चाकाच्या पाठीस घांसणाऱ्या एका स्पर्शतारेनें. हिला इंग्रजींत 'पिकअप' म्हणतात. अर्धेअधिक दोष ह्या तारेच्या ठिकाणीं असतात असें माझें मत आहे. ती चाकास हलकेच, परंतु अखंड लागली पाहिजे. फार दाबली तर ब्रेकचें काम करिते व चाक फिरण्याऐवजीं घसरतें. सैल पडली तर आंस बाजूस सरकतांच सुटते. हलकी पण न सुटणारी तार कशी करावी? येथें पदार्थविज्ञानाचा एक नियम कामीं येतो. एका टोंकास पक्क्या केलेल्या तारेचा ताठपणा तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर ताठपणा एकअष्टमांश होतो. जाडीच्या बाबतींत तो चतुर्घाताच्या प्रमाणांत वाढतो: दीडपट जाड तार पांचपट ताठ. फॉस्फर ब्राँझची ०.३ मिलिमीटर जाड तार १० मिलिमीटर लांब ठेवली, तर तिचें टोंक १ मिलिमीटर लोटण्यास हिशेबानें सुमारें साडेतेरा ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. तीच २० मिलिमीटर ठेवली तर पावणेदोन ग्रॅमहूनही थोडा कमी जोर पुरतो.

हे आंकडे नुसते वहींत लिहिण्यासाठीं नाहींत. लांब तारेस चाकाच्या पाठीमागून असा बाक द्या कीं चाक नसतें तर तिचें टोंक २ मिलिमीटर पुढें आलें असतें. चाक बसल्यावर तिचा दाब सव्वातीन ग्रॅमांच्या आसपास राहील. आतां आंस अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे सरकला, तरी दाब अडीच ते सव्वाचार ग्रॅमांच्या दरम्यानच बदलेल. तार सुटणार नाहीं व अडविणारही नाहीं. आंखूड तारेनें हाच प्रयोग करा: बाक थोडा कमी झाला तर स्पर्श नाहीं, थोडा अधिक झाला तर चाक जाम. कारखान्यांतून येणाऱ्या पुष्कळशा इंजिनांत आंखूड व रुंद पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्या वांकवून वांकवून मुलें थकतात, ह्याचें कारण त्यांच्या बोटांत नसून पट्टीच्या लांबींत आहे. पितळेची तारही येथें निरुपयोगी. ती लवकर आपला बाक विसरते. फॉस्फर ब्राँझ वळण धरून ठेवतें.

पगसारख्या लहान इंजिनांत लांब तारेस जागा कोठून आणावी, अशी शंका येईल. तार सरळच असली पाहिजे असें कोठें आहे? तिचें मूळ सांगाड्याच्या दुसऱ्या टोंकास ठेवून ती लांबीच्या दिशेनें आणावी, अथवा मुळाशीं तिला दोन-तीन वेढे द्यावे. वेढ्यांतील लांबीही लवचीकपणास हातभार लावते. सांगाड्याच्या तळाशीं तांब्याचा मुलामा असलेल्या छापील पट्टीचा तुकडा चिकटवावा, त्यावरील तांबें मधोमध खरवडून दोन अलग भाग करावे, आणि डाव्या बाजूच्या तारा एका भागास व उजव्या दुसऱ्यास डाख देऊन जोडाव्या. डाखकाम करितांना तारेचें टोंक चिमट्यानें धरावें, नाहीं तर उष्णतेनें तिचा बाक जातो. तारेनें चाकाच्या पाठीवर कडेजवळ टेंकावें. आंसाजवळील भाग तेलकट असतो. मात्र कडेजवळ घर्षणाचा चाकावरील ताण अधिक पडतो, म्हणून तेथें मृदु तारच हवी.

तारेवांचून काम भागविण्याचेही प्रकार आहेत. सांगाड्याचे व आंसांचे दोन अलग अर्ध करून वीज थेट चाकांतून आंसांत व आंसांतून सांगाड्यांत नेतात. ही रचना नीटस आहे, परंतु तींत वीज तेल घातलेल्या खोबणींतून जाते, ही तिची दुबळी बाजू. टेंडर असलेल्या इंजिनांत अमेरिकन पद्धति सोयीची पडते: इंजिन एका रुळावरून, टेंडर दुसऱ्या रुळावरून वीज घेतें व मधली कडी दोघांस जोडते. अशीं दोन इंजिनें एकमेकांस धातूनें भिडलीं तर मात्र दोन्ही टोंकें एकत्र येतात व वीज भलत्याच वाटेनें धांवते.

पगला टेंडर नाहीं. परंतु स्कॉटलंडच्या नॉर्थ ब्रिटिश रेल्वेचीं जीं तशींच बुटकीं चार चाकी इंजिनें होतीं, त्यांपैकीं अनेकांच्या मागें कोळशासाठीं एक लांकडी चार चाकी गाडी कायमची जोडलेली असे. नमुन्यांत ही गाडी वरदानच होय. तिच्या चाकांसही स्पर्शतारा लावून केसासारख्या मऊ तारांनीं ती इंजिनास जोडली, तर चारांचीं आठ चाकें होतात, आणि इंजिनाचा पाया दुपटीहून अधिक लांबतो. पाहणारास हा उपाय आहे असें कळतही नाहीं.

लांब पायाचा खरा उपयोग सांध्यावर दिसतो. सांध्यांत जेथें दोन रूळ एकमेकांस छेदतात तेथील चोंच स्वस्त सांध्यांत प्लास्टिकची किंवा विजेपासून तोडलेली असते. हा मृत भाग १५-२० मिलिमीटर असला आणि इंजिनाचीं चाकें २३ मिलिमीटरांवर असलीं, तर एक चाक त्या भागावर असेपर्यंत त्या बाजूस दुसरें एकच चाक कामावर राहतें. आणि नेमकें तेंच अधांतरीं असलें कीं गाडी थांबली. शक्य असेल तेथें चोंचेसही वीज द्यावी व सांधा बदलतांच तिचें टोंक बदलेल असा स्विच बसवावा. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवरही फार विसंबूं नये; त्या कालांतरानें सैल पडतात. प्रत्येक तुकड्यास खालून स्वतंत्र तार जोडलेली बरी.

एवढें करूनही क्षणभराची तूट राहतेच. ती कशी निभवावी? हाच प्रश्न इंग्लंडच्या सदर्न रेल्वेपुढें खऱ्या इंजिनाच्या बाबतींत उभा होता. तेथें बाजूच्या तिसऱ्या रुळांतून ६६० व्होल्टांची वीज घेत, आणि सांध्यांशीं तो रूळ तुटलेला असे. लांब प्रवासी गाडीचें एक टोंक तुटीवर असलें तरी दुसरें रुळावर असे. एकट्या इंजिनास ती सोय नव्हती. म्हणून १९४१ सालीं बांधलेल्या 'सीसी १' ह्या इंजिनांत जड चक्र बसविलेले मोटर-जनित्र ठेवले. तूट आली तरी चक्र आपल्या भरानें फिरत राही व मोटरींस वीज मिळत राही. नमुन्यांतही मोटरीच्या दांड्यावर लहानसें पितळी जड चक्र बसवितात. त्याचा गुण वेगावर दिसतो. अगदीं मंद चालींत चक्रांत सांठलेली शक्ति फारच थोडी असते.

अलीकडील अंकीय पद्धतींत निराळी सोय झाली आहे. तींत रुळांवर दाब सदैव पूर्ण असतो व आज्ञा विजेच्या स्पंदनांतून जातात. ह्या दाबापुढें मळाचें पातळ पूट कधीं कधीं नमतें. परंतु वीज क्षणभर तुटली तर इंजिनांतील यंत्र गोंधळतें, म्हणून तेथें कपॅसिटर जोडतात. किती मोठा जोडावा? १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टांवरून ८ व्होल्टांवर उतरतांना ०.००४ कूलंब वीज देतो. मोटर ०.१५ अँपिअर ओढीत असेल तर ही शिदोरी सेकंदाच्या चाळिसाव्या भागापेक्षां फारशी अधिक पुरत नाहीं. उलट १ फॅरडचे, २.७ व्होल्टांचे पांच मोठे कपॅसिटर एकामागें एक जोडले तर ०.२ फॅरड होतात, व तेवढ्याच उतरणींत ०.८ कूलंब, म्हणजे पांच सेकंदांहून अधिक वेळ मिळतो. रुळांवरील दाब अधिक असल्यास सहावा जोडावा. रिकामा कपॅसिटर प्रारंभीं अधाशासारखा वीज ओढतो, म्हणून त्याच्या वाटेंत १०० ओहमांचा रोधक व वीज परत देण्यासाठीं डायोड घालतात. साध्या एकदिश विजेच्या गाडीस हा उपाय लावूं नये. तेथें दिशा बदलली कीं टोंकें उलट होतात, आणि असा कपॅसिटर उलट जोडला गेल्यास फुटतो. कोणत्याही परिस्थितींत भिंतींतील विजेस जोडलेला ट्रान्सफॉर्मर उघडूं नये.

आपल्याकडे असे नमुने प्रत्यक्ष चालतांना पाहावयाचे असतील, तर पुण्यास कोथरूड भागांत जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तें १९९८ सालीं उघडलें. तेथें गेल्यास गाड्यांच्या वेगाकडे न पाहतां त्या सांध्यावरून कशा जातात इकडे लक्ष द्यावें.

दोष नेमका कोणत्या चाकांत आहे हें शोधण्याची एक सोपी युक्ति आहे. पतंगाच्या कागदाची पट्टी घेऊन ती एका बाजूच्या एका चाकाखालीं सरकवावी. इंजिन तरीही चालत असेल, तर त्या बाजूचें उरलेलें चाक कामाचें आहे. बंद पडलें, तर तें मुकें आहे. मग पट्टी त्या चाकाखालीं नेऊन पहिल्याची परीक्षा करावी. अशी चारही चाकें तपासून मुक्यांवर खडूची खूण करावी व त्यांच्याच स्पर्शतारा आधीं पाहाव्या. दुरुस्ती झाल्यावर घड्याळ लावून मंद चालीची परीक्षा घ्यावी. खरें इंजिन गोदीमध्यें ताशीं ५ किलोमीटर चाललें, तर नमुन्यानें सेकंदास सुमारें १८ मिलिमीटर, म्हणजे ३० सेंटिमीटरांस सोळा-सतरा सेकंद घ्यावयास पाहिजेत. ह्या चालीनें पग सांध्यावरून दोन्ही दिशांनीं न थबकतां गेला, कीं झांकण बसवून स्क्रू आंवळण्यास हरकत नाहीं.